घटना दोन मिनिटांची, उजळणी रात्रभर: सजगता आणि कृतज्ञतेचा सराव नेमका कसा करायचा

संध्याकाळी पावणेसातला साहेबांचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी जरा बोलू.' बास, एवढंच. मेसेज वाचायला दोन सेकंद पुरतात. पण नंतर लोकलमध्ये, जेवताना, दात घासताना, अंथरुणावर पडल्यावर तो परत परत वाचला जातो, बहुतेकदा फोन न उघडताच. साहेब काय म्हणतील, आपण काय उत्तर देऊ, त्यावर ते काय बोलतील, असा अख्खा संवाद डोक्यात रंगतो. सकाळी कळतं, त्यांना फक्त दिवाळीच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक हवं होतं.

रोजच्या ताणाचा बराचसा भाग असा घटनेपेक्षा तिच्या उजळणीचा असतो. सजगता, म्हणजेच माइंडफुलनेस, आणि कृतज्ञता या दोन्ही सरावांचं काम चालतं ते या उजळणीवर. साहेबांचा स्वभाव, गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीतलं पाण्याचं भांडण यांतलं काहीही त्यांनी बदलत नाही. ते बदलेल या आशेने बसणारे साधारण दोन आठवड्यांत कंटाळून सोडून देतात.

शरीरात काय चाललेलं असतं

धोका जाणवला की मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या बदामाएवढ्या भागातून इशारा सुटतो आणि काही सेकंदांत रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरतं. छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, पचन मंदावतं, जबडा आणि खांदे आवळले जातात. दुसरी फळी जरा सावकाश येते, ती कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी कॉर्टिसॉलची पातळी सर्वांत वर जाते आणि धोका टळला असेल तर पुढच्या तासा-दीड तासात उतरू लागते.

इथवर सगळं ठीकच आहे. अंगावर कुत्रा धावून आला तर हीच यंत्रणा आपल्याला वाचवते. पंचाईत अशी की मनात रंगवलेल्या प्रसंगालाही शरीर दाद देतं. प्रत्यक्षाइतकी नसेल, पण देतं. त्यामुळे प्रत्येक उजळणीसरशी उतरणीला लागलेली यंत्रणा पुन्हा चढते. रात्री अकराला पाठ आखडलेली असते ती सातच्या मेसेजमुळे नव्हे, मधल्या चार तासांत तो पंधरा-वीस वेळा मनात वाजल्यामुळे.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मजेशीर प्रयोग मांडला. २,२५० प्रौढांना दिवसात अवचित वेळी फोनवरून विचारलं जायचं : आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय. सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं, आणि तेव्हा लोक सरासरीने कमी खूश होते. यातली खरी गंमत पुढे आहे. मन एखाद्या सुखाच्या विचारात रमलेलं असतानासुद्धा लोक हातातल्या कामात लक्ष असतानापेक्षा जास्त आनंदी नव्हते.

हे आलं कुठून, आणि पुरावा किती

आज जगभर शिकवला जातो तो सजगतेचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट दुखण्यांवर औषधांचा फारसा उपयोग होत नव्हता, अशा रुग्णांसाठी. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस, आणि घरी रोज सुमारे ४५ मिनिटं सराव. त्याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे साडेतीन दिवस फक्त आनापान चालतं, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहणं. मात्र ते शिबिर ताणावरचा उपाय म्हणून आखलेलं नाही. पहाटे चारला उठून दिवसाला सुमारे दहा तासांची बैठक, तीही मौनात, हा वेगळाच मामला आहे. ऑफिसच्या ताणावर उतारा हवा असेल तर थेट तिथून सुरुवात करायची गरज नाही.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं, कारण या विषयाचा बाजार फार झाला आहे. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आणि सुमारे साडेतीन हजार लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. पण ध्यान हे व्यायामापेक्षा किंवा औषधांपेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये चिंताविकार असलेल्या २७६ रुग्णांवर आणखी एक चाचणी झाली. आठ आठवड्यांचा हाच अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या औषधाच्या बरोबरीचा ठरला. ही बातमी वाचून गोळी बंद करायची नाही. त्या लोकांनी दर आठवड्याला शिक्षकासमोर बसून आणि घरी रोज पाऊण तास सराव करून तो गुण मिळवला होता. अ‍ॅप डाउनलोड करून चार वेळा ऐकणाऱ्याला तो मिळेल असं त्यातून सिद्ध होत नाही.

दहा मिनिटांची बैठक

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा एखाद्या रोजच्या कामाला बांधून घ्या : तोंड धुतल्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडायच्या आधी. एकदा मेसेज वाचले की बैठक त्यांच्या उत्तरांतच जाते. जेवणानंतर दीड-दोन तास तरी टाळा, नाहीतर दहातली सात मिनिटं डुलकीत जातील.

खुर्चीवर बसलात तरी चालतं, आणि बहुतेकांना तेच सोयीचं पडतं. टेकून न बसता थोडं पुढे सरका, तळपाय पूर्ण जमिनीला, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली. जमिनीवर मांडी घालायची असेल तर बुडाखाली चार-पाच इंच जाड उशी किंवा घडी केलेली सतरंजी घ्या. तशी न घेता सपाट जमिनीवर बसलं की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पाचव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात. मग लोक म्हणतात, ध्यान आपल्याला मानवत नाही. मानवत नाही ती बैठक. हात मांड्यांवर. डोळे मिटा, किंवा चार-पाच फुटांवर जमिनीकडे सैल नजर ठेवा. फोन फ्लाइट मोडवर, त्यात दहा मिनिटांचा गजर, आणि फोन पालथा.

पहिलं मिनिट शरीराला द्या. तळपाय जमिनीला कुठे टेकले आहेत, टाचेवर भार जास्त आहे की चवड्यावर, बुडाखाली खुर्ची कडक लागतेय की मऊ, तळव्यांना पँटचं कापड कसं लागतंय. याचं मनात वर्णन करायचं नाही, फक्त जाणवू द्यायचं.

मग श्वासाची एक जागा निवडा : नाकपुड्यांचं टोक किंवा पोट. नाकापाशी आत येणारी हवा किंचित गार आणि बाहेर जाणारी किंचित कोमट लागते. पोटावर लक्ष असेल तर ते फुगणं आणि बसणं कळतं. जी जागा स्पष्ट कळते ती घ्या आणि त्या बैठकीपुरती बदलू नका. श्वास लांबवायचा नाही, खोल घ्यायचा नाही. तो आखूड असेल तर आखूड. लक्ष टिकत नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा द्या, दहापर्यंत गेलात की परत एकपासून. अचानक 'सतरा' ऐकू आलं की समजायचं, मोजणी आपोआप चालू होती आणि आपण दुसरीकडे होतो.

मन जाणारच. भाजी काय करायची, काल नणंद काय बोलली, पीएफचा फॉर्म राहिला. ते गेल्याचं लक्षात येतं तो क्षण या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. त्या वेळी मनात हळूच 'विचार' एवढं म्हणायचं आणि पुढच्या श्वासावर यायचं. चिडायचं नाही, 'किती वेळ गेला' याचा हिशेब करायचा नाही. दहा मिनिटांत पंचवीस वेळा मन गेलं आणि पंचवीस वेळा परत आणलं तर सराव पंचवीस वेळा झाला. रात्री अंथरुणावर साहेबांचा मेसेज वाजू लागल्यावर लागणारं कौशल्य नेमकं हेच आहे : आपण उजळणीत शिरलो आहोत हे लवकर कळणं. नवख्याला ते चाळीस मिनिटांनी कळतं, सराव असलेल्याला चार मिनिटांनी. वाचलेल्या छत्तीस मिनिटांतच सगळा फायदा असतो.

शेवटच्या मिनिटाला श्वासावरचं लक्ष काढा आणि आवाज ऐका. पंखा, रिक्षा, शेजारचा कुकर. 'किती गोंगाट' असं मत न देता, नुसता आवाज.

काय बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते श्वास नियंत्रित करू पाहणाऱ्यांचं. लक्ष गेलं की श्वास लांबवावासा वाटतो, मग छातीत कोंडल्यासारखं होतं, मग घाबरायला होतं. यावर साधा इलाज म्हणजे श्वासावरचं लक्ष काढून ते तळपायांवर किंवा तळहातांवर आणणं. ज्यांना दमा आहे किंवा घबराटीचे झटके येतात, त्यांनी तर श्वासापासून सुरुवातच करू नये. तळपाय किंवा बाहेरचे आवाज हीच त्यांची जागा.

झोप येत असेल तर आधी रात्री किती तास झोप मिळते ते पाहा. पाच तास झोपणाऱ्याला डोळे मिटून बसवलं की शरीर आपलं थकलेलं देणं वसूल करणारच. तूर्त डोळे उघडे ठेवून किंवा उभ्याने करा.

'बसायला लागल्यापासून विचार वाढलेत' ही तक्रार पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हमखास येते. वाढलेले नसतात, दिसायला लागलेले असतात. आणि बैठकीला मार्क देण्याची सवय लागली असेल, आज छान लागलं, काल नाही, तर ती मोडा. अस्वस्थ बैठकीतच परत येण्याचा सराव जास्त घडतो. शांत वाटणं हा कधीमधी मिळणारा वरचा लाभ.

श्वास पाहणं वेगळं, श्वास मंद करणं वेगळं

या दोन गोष्टींची कायम गल्लत होते. पाहण्यात काहीच बदलायचं नसतं. मंद करण्यात मुद्दाम बदलायचं असतं, आणि ते आणीबाणीच्या वेळी कामाला येतं : मीटिंगच्या आधी, भांडण पेटायच्या बेतात असताना, डेंटिस्टच्या बाहेर बसल्यावर.

चार सेकंदांत श्वास आत, सहा सेकंदांत बाहेर. दहा सेकंदांचा एक, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपला वेग मिनिटाला १२ ते २० असतो. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचा वेग किंचित उतरतो, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा. मिनिटाला सहाच्या आसपास रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा आणि श्वास यांचा ताल जुळतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना, दोन्हींमध्ये लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. जुन्या माणसांना हे सेकंद मोजायची गरज का पडली नसावी, याचा थोडा अंदाज यावरून येतो.

तीन ते पाच मिनिटं पुरे. श्वास मंद घ्यायचा आहे, मोठा नाही. छाती भरभरून घेतलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, ओठांना मुंग्या येतात. तसं झालं तर सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

भावनेला नेमकं नाव

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनिंगमधून दाखवलं की रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याच्या चित्राला भावनेचं नाव द्यायला सांगितलं की अमिग्डलाची हालचाल कमी होते. व्यवहारात हे अगदी सोपं आहे. पोटात गोळा आला की 'धास्ती आहे' म्हणा. 'मी घाबरट आहे' असं नाही. सगळ्यालाच 'टेन्शन' म्हणून मोकळं झालं तर फारसा उपयोग होत नाही, कारण पुढे काय करायचं ते त्यातून कळत नाही. चीड, अपमान, हुरहूर, कंटाळा, अपराधीपणा, मत्सर यांची वाट वेगवेगळी असते. अपमान असेल तर बोलायला लागतं, थकवा असेल तर झोपायला.

एक काम, पूर्ण लक्ष देऊन

बैठकीबाहेर दिवसातलं एकच काम सरावाला निवडा. सगळा दिवस सजग राहण्याचा संकल्प दुपारपर्यंत टिकत नाही. चहा चांगला, कारण तो पाच-सात मिनिटांत संपतो. पातेल्याच्या तळाशी आधी बारीक बुडबुडे धरतात आणि कडेने सुटू लागतात. किसणीवर आलं घासलं की पहिला वास तिखट येतो, पाण्यात पडल्यावर तो बदलतो. पत्ती टाकली की रंग मधून कडेकडे पसरत जातो. दूध घातल्यावर क्षणभर सगळं गप्प होतं, मग साय सुरकुतते आणि उकळी वर चढते. गॅस नेमका कधी बंद करायचा हे सजग माणसाला कळतं. फोन हातात असलेल्याला ओटा पुसावा लागतो.

गाडी किंवा दुचाकी चालवताना श्वास मोजायचा नाही आणि डोळे तर मिटायचेच नाहीत. तिथे सजगता म्हणजे रस्ता, आरसे आणि ब्रेकवरचा पाय.

कृतज्ञता : यादी नव्हे, तपशील

सजगतेने उजळणी लवकर ध्यानात येते. पण ध्यानात आल्यावर मन जाणार कुठे? ते पुन्हा उण्याकडेच वळतं, कारण धोका आधी टिपण्याची मेंदूची जुनीच सवय आहे. शिवाय चांगल्याची सवय फार लवकर होते. नवं वॉशिंग मशीन आलं की महिनाभर कौतुक, मग ते आवाज करतं तेवढीच त्याची दखल. कृतज्ञतेचा सराव या सवयीला थोडा आडवा येतो.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककला यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाने आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टींपर्यंत लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी होता, शारीरिक तक्रारी कमी सांगत होता आणि त्रास लिहिणाऱ्या गटापेक्षा आठवड्याला जवळपास दीड तास जास्त व्यायाम करत होता. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आणखी सोपा प्रकार तपासला : आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण. त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसला, विशेषतः ज्यांनी सराव आपणहून चालू ठेवला त्यांच्यात.

मग रोज लिहायचं की आठवड्यातून एकदा? सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजचं लिखाण लवकरच गृहपाठ होतं आणि हात 'आई, बाबा, आरोग्य' असं न बघता लिहू लागतो. आमचं मत असं : पहिला आठवडा हात बसण्यासाठी रोज, मग रविवारी एकदा, फार तर बुधवारी आणखी एकदा.

दहा मिनिटं, वही आणि पेन, तीन नोंदी. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी याव्यात. नेमकं काय घडलं. ते कोणामुळे घडलं आणि त्या माणसाला त्यासाठी काय करावं लागलं. ते नसतं तर आजचा दिवस कसा गेला असता. 'आईबद्दल कृतज्ञ आहे' ही नोंद निकामी आहे, कारण ती गेल्या वर्षीही खरी होती आणि पुढच्या वर्षीही असेल. त्याऐवजी : 'आज डब्यात कोशिंबीर वेगळ्या डबीत होती, त्यामुळे पोळ्यांना पाणी सुटलं नाही. गुडघा दुखत असताना आईने वरच्या फळीवरून ती डबी काढली. नसती तर मी ओल्या पोळ्या टाकून वडापाव खाल्ला असता.' तीन वाक्यं, पण लिहिताना प्रसंग डोळ्यांसमोरून परत जातो. उजळणी करायची मनाची खोड तीच राहते, तिला फक्त वेगळा प्रसंग मिळतो.

शेतकऱ्याला हा नेमकेपणा कुणी शिकवावा लागत नाही. बैलपोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते तेव्हा हळद आणि तूप किंवा लोणी चोळलं जातं ते बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासलं तिथेच. कृतज्ञतेची वही अशी जू घासलेली जागा शोधून लिहायची असते.

लिहून लिहून शिळं वाटू लागलं तर महिन्यातून एकदा वजाबाकी करून पाहा. २००८ मधल्या एका अभ्यासात, आपला जोडीदार आपल्याला भेटला कसा हे लिहिणाऱ्यांपेक्षा, तो भेटलाच नसता असं कसकसं घडू शकलं असतं हे लिहिणाऱ्यांचं नात्यातलं समाधान जास्त वाढलं. त्या दिवशीची बस चुकली असती, त्या मैत्रिणीच्या लग्नाला गेलोच नसतो, इतकं बारीक जायचं. हे दुपारी करा. रात्री केलं तर काळजी करणाऱ्या मनाला नवं खाद्य मिळतं.

पत्राचा प्रकारही आहे. ज्याचे उपकार कधी नीट बोलून दाखवले नाहीत अशा माणसाला पानभर पत्र लिहायचं आणि समोर बसून वाचून दाखवायचं. सेलिगमन यांच्या प्रयोगात याने आनंदात सर्वांत मोठी उडी दिसली. तिचा असर महिनाभर टिकला, पुढे ओसरला. आपल्याकडे घरच्यांसमोर असं पत्र वाचायचं म्हणजे दोन्हीकडे अवघडलेपण, आणि आईला 'आभारी आहे' म्हटलं तर ती विचारेल, 'बरं आहे ना तुला?' तिथे आभाराचा शब्दच नको. 'बाबा, परवा तुम्ही रांगेत उभं राहून दाखला आणलात ना, माझी एक रजा वाचली.' एवढं पुरतं, आणि त्यांना नेमकं कळतं.

कृतज्ञता कुठे उलटते

'दुसऱ्याकडे एवढंही नाही, मग तू का रडतोस' ही तुलना आहे, कृतज्ञता नव्हे. तिच्यातून अपराधीपणा येतो आणि मूळ दुःख तसंच आत राहतं. दुसरं, उपकाराचं ओझं. मदत लिहिताना 'आता मला हे फेडायला हवं' असं दडपण येत असेल तर तूर्त माणसांऐवजी इतर गोष्टी लिहा : वेळेवर आलेली बस, उकाड्यात सुटलेला वारा, न गळणारा नळ.

तिसरं सर्वांत वाईट. अन्यायावर झाकण म्हणून कृतज्ञता वापरली जाते. घरात सगळं काम एकटीवर पडणाऱ्या सुनेला 'चांगलं सासर मिळालं याचे उपकार मान' म्हणणं, किंवा पगार थकवणाऱ्या कंपनीने माइंडफुलनेसचं सत्र ठेवणं. जिथे कामाची वाटणी बदलायला हवी, हक्काची रजा किंवा पगार मागायला हवा, तिथे तेच करायला हवं. सराव फार तर ते बोलताना आवाज चढू देणार नाही. नुकतंच घरातलं कोणी गेलं असेल तर त्या माणसाला वही देऊ नका.

परिणामाचा आकारही ध्यानात असू द्या. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम लहानच निघाला. वही हा आजारावरचा उपचार नाही.

कोणी जपून

जुना आघात, अत्याचार किंवा अपघात अनुभवलेल्यांना डोळे मिटून आत पाहताना त्या आठवणी एकदम उसळू शकतात. मनोविकृतीचा किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचा इतिहास असेल तर दीर्घ मौन-शिबिर मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेला असेल, तर ध्यानावर वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

दोन्ही एकत्र, आणि मोजायचं काय

क्रम महत्त्वाचा आहे. धडधडत्या छातीने वही उघडली तर कृतज्ञता स्वतःलाच दिलेलं प्रवचन वाटते. म्हणून रविवारी आधी तीन मिनिटं चार-सहाचा श्वास, मग दहा मिनिटांची बैठक, मग वही. वहीचा पहिला आठवडा सोडला तर बाकीच्या दिवशी फक्त बैठक. पहिल्या आठवड्यात ती पाच मिनिटांची चालेल, दुसऱ्यापासून दहा, महिन्यानंतर जमलं तर वीस.

प्रगती बैठकीतल्या शांततेवरून मोजू नका. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने पाडा : काय झालं, किती वाजता झालं, आपण त्याच्या उजळणीत आहोत हे किती वाजता लक्षात आलं. आठवड्याला दोन-तीन नोंदी पुरतात. सहा-आठ आठवड्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं अंतर कमी होत असेल तर सराव लागू पडतोय. अंतर तेवढंच राहिलं तर आधी झोप, चालणं आणि संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी तपासा, आणि शक्य असेल तर शिक्षकाकडे रीतसर आठ आठवड्यांचा वर्ग करा.

गणपती, लग्नसराई, परीक्षा यांत खंड पडतोच. परत सुरू करताना चुकलेल्या दिवसांची भरपाई करायला अर्धा तास बसू नका. दोन मिनिटांपासून धरा, आणि तीन-चार दिवसांत दहावर या.